रघूचं सुतक

सोहम,

बांगड्याचं कालवण झाकून ठेवलंय. गरम करताना उकळू नकोस, रस फुटेल. तिखट लागेल, रागातच केलंय.

रघू होडीवरून पडून बुडाला तेव्हापासून मी मासे खाणं सोडलंय, हे तुला माहीत होतं. तरी काल बांगडे घेऊन आलास आणि वर विचारलंस, "अजून किती दिवस सुतक पाळणार?"

अरे, सुतक घरच्यांना असतं. इतकी वर्षं मी रघूशी संसार केला, पण हर्णेला त्याच्या घरी मी नुसता मित्र. तेराव्याला त्याच्या काकांनी मला पाहुण्यांच्या पंगतीत बसवून जिलबी वाढली. मी ती मुकाट्याने खाल्लीसुद्धा. म्हणून मासे सोडून माझं सुतक मीच धरलं.

आज त्याचं वर्षश्राद्ध. कोणी बोलावलेलं नाही, तरी दापोलीची एसटी पकडतोय. उद्या येईन. माझ्या वाटचे दोन बांगडे ठेव, तुझ्यासमोर बसून खाईन.

आणि पुढेमागे मला काही झालं, तर तू मात्र सुतक पाळ. मित्र म्हणून पंगतीत बसू नकोस.

रूपेश