पापणीचा केस

३ फेब्रुवारी
अखेर लॅबला माझी किंमत कळली. बॉस प्रीताने (जन्म इथलाच, शिकागोजवळच्या नेपरव्हिलचा, मराठी ‘भूक लागली’पुरतं) उंदराच्या आतल्या कानाचे दोन तुकडे काढले. तिळाएवढे. एक मला, एक स्वानंदीला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ज्याचा फोटो चांगला येईल, त्याचं नाव पेपरवर पहिलं. म्हणजे माझं. स्वानंदीची दया आली. नागपूरची आहे, तुकड्याशी बोलते.

५ फेब्रुवारी
तुकड्यातलं पाणी अल्कोहोलने काढायचं. आधी सौम्य, मग कडक, मग आणखी कडक. स्वानंदी प्रत्येक पायरीला टायमर लावून पूजेला बसल्यासारखी बसली होती. मी तुकडा थेट कडकमध्ये टाकला. बर्फ पडत होता, ट्रेन चुकली असती.

६ फेब्रुवारी
तुकडा आकसलाय. आटोपशीर दिसतो.

१० फेब्रुवारी
तुकडा रेझिनच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक ठोकळ्यात घट्ट बसला. आता हिऱ्याच्या सुरीने अतिपातळ काप काढायचे. ते पाण्यावर तरंगतात, आणि काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने सरकवायचे. अमेरिकेत येऊन हे विज्ञान! स्वानंदी म्हणाली, तुझ्या पापण्या लांब आहेत, एक केस दे ना यार. बहाणे कळतात आम्हाला. दिला.

११ फेब्रुवारी
स्वानंदीने बजावलं, मास्क लाव, कापांजवळ श्वाससुद्धा जपून घे. भित्री. लावला नाही.
पहिले काप भुगा झाले. सुरी बोथट असणार. शेवटचा मात्र अखंड निघाला, पाण्यावर चंदेरी. जाडी अगदी बरोबर.
तेवढ्यात माझ्या पापणीचा एक केस हातावर पडला. लहानपणी मुठीवर ठेवून, इच्छा मागून फुंकायचो. शास्त्रज्ञाने असल्या गोष्टी मानू नयेत. मी मानत नाहीच. फक्त मागितलं, पेपरवर माझं नाव येऊ दे. फुंकर मारली.
काप सापडत नाहीये.

१२ फेब्रुवारी
हीटिंगच्या झोताने काप उडाला, असं प्रीताला सांगितलं. ती ‘ओके, सुमंत’ म्हणाली. दोनदा. मग स्वानंदीचे फोटो बघायला गेली. रडू आलं. डोळ्यांत रेझिनची वाफ गेली असेल.

१८ सप्टेंबर
पेपर छापून आला. पहिलं नाव स्वानंदीचं. माझं सगळ्यात शेवटी, आभारात: ‘पापणीच्या एका केसाबद्दल सुमंतचे आभार.’
म्हणजे इच्छा पूर्ण झाली. मागताना ‘पहिलं’ म्हणायचं राहिलं.