उजवीकडची वायर

प्रिय मनू,

फोनवर मी एक वाक्य सुरू केलं की तू तीन पूर्ण करतेस, म्हणून हे कागदावर. आईला देवनहळ्ळीला तुझ्याकडे नेलंस त्याला आता वर्ष होईल. तिचं करता करता तू थकतेस, आणि मी जे. पी. नगरात बसून नुसत्या चौकशा करतो. त्याबद्दल नंतर हवं तेवढं बोल. आधी हे वाच.

अप्पा गेल्यावर त्यांच्या भजनाची जुनी कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायला मी आवाजाचा मिक्सर आणला होता. कॅसेट डेकच्या दोन वायरींपैकी उजवीची पिन सैल होती. डावी एकटीच लावली, तरी दोन्ही स्पीकर वाजले, म्हणून मी उजवीचा नाद सोडला. मग बसलो बटणं फिरवत. खालच्या सुरांचं ‘लो’ बटण कमी केलं, पंख्याची घरघर गेली. अप्पांच्या मागून एक बारीक बायकी आवाज येत होता. श्रोत्यांतलं कुणी असेल म्हणून मधल्या सुरांचं ‘मिड’ बटण उतरवत नेलं. अप्पांचा आवाज जरा पोकळ झाला, पण एकट्याचा झाला. फाइल सगळ्या नातेवाइकांना पाठवून शाबासकी घेतली, आणि कॅसेट श्रीरंगपट्टणला अस्थींबरोबर कावेरीत सोडली. कल्पना माझीच.

आईनं फाइल ऐकली आणि विचारलं, यात मी कुठे आहे? मी म्हणालो, तू गात नव्हतीस, स्वयंपाकघरात होतीस. ती चार दिवस तेच विचारत राहिली आणि मी चिडलो. पुढे डॉक्टरांनी, त्या काय काय विसरतात, असं विचारलं तेव्हा पहिलं उदाहरण मी हेच दिलं. न गायलेलं गाणं आठवतं म्हणते, म्हणालो. आई शेजारीच बसली होती. तिनं मान खाली घातली, ते मी पाहिलं होतं.

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमाला साउंडवाला महांतेश आला होता. तिथेही मी मिक्सर तसाच, एकट्या डाव्या वायरीवर जोडला होता; ते बघून तो हसला. स्टीरिओ चॅनलला डावी एकटी लावली की तोच आवाज दोन्हीकडे जातो, म्हणाला, उजवीकडचं आत येतच नाही. मी लगेच नरसिंहकाकांना फोन केला. ती कॅसेट त्यांनीच भरली होती. ऐंशीच्या घरात आहेत, पण पक्कं आठवतंय त्यांना. दोन माइक लावले होते, डावीकडे अप्पांचा आणि उजवीकडे वहिनींचा, म्हणजे आईचा. अर्धं भजन तर वहिनींनीच म्हटलं, म्हणाले. आणि तो बारीक आवाज, जो मी बटणानं मारला, तो अप्पांच्या माइकपर्यंत पोचलेला आईचाच होता. तिचा आजार खरा आहे, तो माझ्यामुळे आलेला नाही, हे मला कळतं. पण हे एक ती विसरली नव्हती, मनू. हे मी तिच्याकडून काढून घेतलं.

गेल्या रविवारी तू औषधं आणायला गेलीस तेव्हा तिचे हात धरून मी सगळं सांगितलं. ती मलाच समजावू लागली. नाही रे सुमंता, मी कुठली गाते, मी स्वयंपाकघरात होते. मनू, त्या भजनाच्या वेळी तू दोन वर्षांची होतीस, तुला काही आठवणं शक्य नाही. तरी तिला सांग, की तुला आठवतंय, ती अप्पांच्या उजवीकडे बसून गात होती. माझं खरं ती आता मानत नाही, तुझं खोटं कदाचित मानेल. रोज सांग. ती अजून तुला नावानं हाक मारते आहे, तोवर सांग.

तुझाच,
सुमंतअण्णा