भाऊच्या टाकीतलं पेट्रोल

बाबा,

मागल्या महिन्यात एका दुपारी मी तुमच्यावर इतकी चिडले होते, की तुम्ही समोर असता तर हातातल्या पान्यासकट अंगावर धावून आले असते. गेलेल्या माणसावर चिडून काही मिळत नाही हे मलाही कळतं. पण खरं ज्याच्यावर चिडायचं तो भाऊ समोरच्या खुर्चीत इतका सुजून, इतका दमून बसला होता, की त्याच्यावर आवाज चढवायची सोय नव्हती. मग उरलात तुम्ही.

तुम्ही होतात तेव्हा भाऊला नुसती साखर होती आणि तुम्ही त्याच्या चहावर नजर ठेवायचात. आता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही अमरावतीला, चांदूर बाजारच्या पलीकडच्या त्याच्या शेतावरून. रस्त्याने पाय जरा मोकळे राहावेत म्हणून त्याने जुनी पेट्रोलवरची एसयूव्ही घेतली. जाता-येता स्वतःच चालवायचा आणि परतताना अमरावतीतल्या माझ्या दारावरून परस्पर निघून जायचा. मी म्हणायचे, अरे, इथेच राहत जा, पुढे यांचं स्पेअर पार्टचं दुकान, मागे माझं गॅरेज, वर तीन खोल्या रिकाम्या. पण बहिणीच्या घरी भाऊ राहिला तर लोक काय म्हणतील, ही तुमच्या पिढीची अक्कल त्याच्यात पुरेपूर उतरली आहे. पाहुणा म्हणून एक जेवण, त्यापुढे नाही.

दोन महिन्यांपासून गाडी दम टाकत होती. चढावर ओढत नव्हती, मध्येच बंद पडायची, पेट्रोल वाट्टेल तेवढं प्यायची. तिकडच्या मेकॅनिकने आधी फिल्टर बदलला, मग पेट्रोलचा पंप बदलला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शेवटी एक दिवस भाजीच्या पिकअपला दोर बांधून, टोचन करत ती माझ्या दारात आणली गेली. पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी भाऊ बसलेला. उतरताना त्याने दार दोन्ही हातांनी धरलं.

"डायलिसिस झालं का?" मी विचारलं.

"झालं न काल," तो म्हणाला. "तू गाडी पाह्य."

आणि मी गाडी पाहिली, बाबा. माणूस पाहायचा सोडून गाडी पाहिली, कारण तेच मला येतं.

पेट्रोलचं प्रेशर मोजलं, ते ठीक निघालं. म्हणजे नव्या पंपाचा खर्च तसाच वाया. स्कॅनर लावला तर तो म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काम करत नाही. तुम्ही त्याला कधी नावाने हाक मारली नाही, 'जाळीचा डबा' म्हणायचात. सायलेन्सरच्या आधी बसवलेला, आत पोळ्यासारखी बारीक भोकं, इंजिनाचा धूर त्यातून जाताना त्यातलं विष जळून जातं. तुमच्या शेवटच्या वर्षांत तसल्या गाड्या यायला लागल्या होत्या आणि तुम्ही त्यांना शिव्या द्यायचात. स्कॅनरवर माझा पूर्ण भरवसा नाही म्हणून मी तुमचं व्हॅक्युम गेज काढलं. माझ्या लग्नात आहेर म्हणून दिलं होतंत ते. सासरच्या बायकांनी डबी उघडली, आत दागिन्याऐवजी काटा असलेली तबकडी पाहिली आणि पुढची कितीतरी वर्षं मला त्यावरून चिडवलं. मी ते इंजिनाला जोडलं, रेस वाढवून तशीच धरून ठेवली. काटा आधी वर गेला आणि मग हळूहळू, एखाद्याचा धीर सुटावा तसा, खाली येत राहिला. धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. डब्याच्या आधीचा सेन्सर सैल केला तसा कोंडलेला धूर तिथून भसकन बाहेर आला आणि इंजिन मोकळं पळायला लागलं. दोष सापडला होता. यांना दुकानातून हाक मारून म्हटलं, नागपूरला फोन करा, डबा मागवा.

भाऊ खुर्चीतून म्हणाला, "बुजला न डबा? माह्यासारखाच झाला तो."

मला हसू आलं नाही. आणि डबा मागवून मोकळं व्हायला मनही घेईना, त्याला कारण तुमची एक जुनी शिवी. मी कॉलेजात असेन. अकोल्याच्या आपल्या गॅरेजात मी एका जीपचा जळलेला फ्यूज बदलून गिऱ्हाइकाला मोठ्या ऐटीत वाटेला लावते, आणि ते रेल्वे फाटकापर्यंत जाऊन परत येते. तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "मेला कसा ते पाह्य पयले! नाई त नवा बी मरते. चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राहिली तू." मी रडत स्वयंपाकघरात जाते आणि आई मला पोळीवर गूळ देते. तेव्हा तुमचा राग आला होता. पण तेव्हापासून मेलेला पार्ट हातात आला की तो मेला कसा, हे पाहिल्याशिवाय मला जेवण जात नाही.

प्लग काढले. चारही काळे, तेलकट, बोटाला चिकटणारे. म्हणजे इंजिनात ऑईल जळत होतं. पण इंजिनाचं स्वतःचं ऑईल जागच्या जागी होतं, कॉम्प्रेशनही चांगलं. मग हे ऑईल बाहेरून येत होतं, आणि त्याला वाट एकच, टाकी. टाकीतलं थोडं पेट्रोल काढून वर्तमानपत्राच्या कागदावर टाकलं. पेट्रोल उडून गेलं आणि मागे तेलाचा गोल डाग राहिला. मी तो कागद नाकाशी नेला आणि बाबा, मला तुमची स्कूटर आठवली.

तुम्ही दुपारी जेवायला येता. रॉकेलने हात धुता, मग बेसनाने, तरी आई म्हणते, "भाकरीले वास येते तुमच्या हाताचा." जेवण झालं की पार्ट धुतलेल्या ट्रेमधलं मळकं पेट्रोल आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून गाळता आणि स्कूटरच्या टाकीत ओतता. भाऊ फडकं ताणून धरतो, मी नरसाळं. "थेंब वाया जाऊ द्याचा नाई," तुम्ही म्हणता, आणि ते आम्ही परवचा म्हणावा तसं तुमच्यामागून म्हणतो. स्कूटरला ऑईल मिसळलेलंच पेट्रोल लागायचं, तिला काय फरक पडणार होता?

भाऊच्या संत्र्याच्या बागेत फवारणीचा पंप आहे. त्यालाही तसंच पेट्रोल लागतं, ऑईल मिसळलेलं. फवारणी झाली की कॅनमध्ये उरतं. मला एका क्षणात सगळं दिसलं. तो उरलेला कॅन, तो माणूस, आणि त्याच्या डोक्यात बसलेलं तुमचं वाक्य. त्याच क्षणी मी तुमच्यावर चिडले. तुमच्या एका थेंबापायी माझा भाऊ भर रस्त्यात अडकला होता.

कागद घेऊन मी त्याच्यासमोर उभी राहिले. "फवारणीचं पेट्रोल टाकत होता का तू टाकीत?"

"टाकतो न. उरते कॅनमदी. वाया काहून घालवाचं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी होत्या. घाबऱ्याघुबऱ्या विचारत होत्या, पोहोचले का, कसे आहेत. आणि मग म्हणाल्या, "डायलिसिसच्या दोन पाळ्या चुकल्या वं बाई त्यायच्या. घरून निघतात, अर्ध्या वाटेतून गाडी खराब म्हणून परत येतात. तुमाले सांगू नको म्हणे."

मी फोन ठेवला. खाली बसून त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तो भरून येईना. त्याचा श्वास मला आता ऐकू यायला लागला, इतका वेळ मी फक्त इंजिन ऐकत होते. आणि मग मला दुसरंही काही आठवलं. जाळीच्या डब्याला ऑईल गेलं की तो मरतो, हे तुम्ही मला एकटीला शिकवलं नव्हतं. आम्हा दोघांना शेजारी उभं करून शिकवलं होतं.

"तुले मालूम होतं," मी म्हटलं.

त्याने नाही म्हटलं नाही. "पयले खरंच वाया जाऊ नये म्हणून टाकलं वं. एक-दोन डाव. मंग गाडी दम टाकाले लागली. कायनं होऊन राहिलं ते मले समजलं. तरी टाकत राहिलो."

"काहून?"

"थकलो मी. चार चार घंटे नळ्या लावून पडाचं, घरी येऊन मुडद्यावानी झोपाचं, दोन दिवसानं पुन्हा तेच. पण मी जात नाई म्हटलं त तुया वहिनीले काय वाटन? गाडी बंद पडली त कोनी म्हननार नाई का यानं हात टेकले. गाडीनं टेकले म्हनतीन."

आपला भाऊ, ज्याने अकोल्याच्या गॅरेजात कधी गिऱ्हाइकाची गाडी अर्धी सोडली नाही, तो स्वतःची गाडी रोज थोडी थोडी मारत होता, आणि तिच्याआडून स्वतःला. मी त्याला खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. रडलेही. तो ऐकून घेत होता आणि मध्ये मध्ये श्वास घ्यायला थांबत होता, बोलत मी होते तरी.

"ऊठ. माह्या व्हॅनीत बस," मी म्हटलं.

"उद्या पाहू."

"उद्या नाई, आत्ता. नाई त उचलून टाकीन."

"टाकशील बाप्पा तू," तो म्हणाला आणि उठला. दवाखान्याच्या वाटेवर प्रत्येक सिग्नलला मी त्याच्या छातीकडे पाहत होते, हलते आहे ना. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात पाणी भरायला लागलं आहे, घरी ठेवलं असतं तर गेले असते. मी बाहेरच्या बाकावर काळ्या हातांनी बसून राहिले. तुमच्यावरचा राग तिथे कधी गळून गेला कळलं नाही. नुसती भीती उरली, आणि तुम्ही हवे होतात असं फार वाटलं.

तब्येत जाग्यावर येईपर्यंत अमरावतीतच राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. भाऊ हटून बसला, बहिणीच्या घरी राहणार नाही. मी म्हटलं, राहू नको ना, पण गाडी होईपर्यंत थांबशील की नाही? डबा नागपूरहून यायचा आहे. गाडीसाठी थांबणं त्याला चालतं. ते पाहुणेपण नव्हे, ते गिऱ्हाइकाचं थांबणं. त्याने वहिनींना फोनवर सांगितलं, "गाडी झाली का येतो," आणि वरच्या खोलीत गादी टाकू दिली. तेव्हापासून एक पाळी चुकलेली नाही. पाय उतरलेत. वहिनी बाग पाहून येऊन जाऊन असतात, आणि संध्याकाळी तो दुकानात यांच्याशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवतो.

डबा केव्हाच आला, बाबा. भाऊ डायलिसिसला गेलेला असताना मी तो बसवला. टाकी उपसली, नळ्या धुतल्या, प्लग नवे टाकले. रेस धरून पाहिली तर गेजचा काटा जागचा हलला नाही. गाडी मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली तयार उभी आहे. आणि तो विचारतो तेव्हा मी सांगते, पार्ट नाही आला.

आज सकाळी बॅटरी उतरू नये म्हणून ती चालू केली. मला वाटलं तो वर आहे, तर तो अंगणात खुर्ची टाकून त्याच्या वाट्याचा घोटभर चहा पीत बसलेला.

"कोनाची हाय वं?" त्याने तिथूनच विचारलं.

"गिऱ्हाइकाची."

तो मान कलती करून ऐकत राहिला, तुम्ही ऐकायचात तसा. "चांगली लागली," म्हणाला. "माही केव्हा होते?"

"पार्ट यायचा आहे."

"येऊ दे सावकाश," तो म्हणाला. "मले काई घाई नाई."

तुमच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला आपल्या गाडीचा आवाज ओळखू आला नसेल, असं मला वाटत नाही. मी विचारलं नाही. हे पत्र कुठे जायचं नाही म्हणून तुम्हाला सांगते, धंद्यात इतकी वर्षं झाली, गिऱ्हाइकाशी मी कधी खोटं बोलले नव्हते. उद्याही पार्ट येणार नाही.