दादाचे ठोकळे

३ मार्च, सोमवार
काहीतरी गडबड आहे!

दादाच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची आज लॅबमध्ये वजनं केली. दहा आठवडे आम्लात बुडालेत आणि घट फक्त दीड टक्का! शेजारच्या टबात दुसऱ्या कंत्राटदाराचे ठोकळे आहेत — तेच सिमेंट, तेच प्रमाण, तेच आम्ल. त्यांची वजनं आज पहिल्यांदाच माझ्या हाती आली. ते नऊ टक्के झिजलेत. ब्रश फिरवला की पांढरा लगदा निघतो. दादाचे मात्र काल साच्यातून काढल्यासारखे!

सख्खा भाऊ. कारखान्याच्या आम्लाच्या पाण्याची टाकी त्यानेच बांधलीय. आठव्या आठवड्याला ‘पास’चा अहवाल मीच पाठवला — केवढं मिरवलं होतं! पण हे टाकीतलंच काँक्रीट ना? की लॅबसाठी वेगळं कालवून पाठवलं?

४ मार्च, मंगळवार
एक ठोकळा फोडला. आतून साधाच, वेगळं काही दिसेना!

५ मार्च, बुधवार
राहवेना. साइटवर गेले. टाकीला लागूनच कामगारांची जेवायची खोली आहे — ते आजच पाहिलं. दादाला म्हटलं, भिंतीच्या वरच्या कडेचा एक तुकडा कापून दे.

“शुक्रवारी टाकीत आम्लाचं पाणी सोडायचंय. आता कशाला? अहवाल तुझाच ना?”

“दे तू.”

बघतच राहिला. “माझ्यावर पाळत ठेवतेस, छोटे?”

तुकडा दिला. चहा विचारला नाही. नंतर वहिनीनेही फोन उचलला नाही.

६ मार्च, गुरुवार
तुकडा आणि ठोकळा — खडी तीच, वाळू तीच. दादा खरा निघाला.

मग घोळ टबातच! आम्ल मोजायची रंगाची पट्टी बुडवली. लालभडक व्हायला हवी. झाली पिवळट! कुणीतरी पाणी ओतलंय. कोण? लॅबमधले टब मदतनीस काका सांभाळतात. गेल्या महिन्यात फाटकाजवळ दादाशी हसत बोलत होते. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती.

नवं आम्ल भरलं. पट्टी लाल! खोलीला माझं कुलूप. किल्ली पर्समध्ये. आता बघते.

८ मार्च, शनिवार
काका म्हणाले, “बाई, कुलूप कशाला?”
“असंच.”
गोरेमोरे झाले. का?

१० मार्च, सोमवार
कुलूप जसंच्या तसं. पट्टी — नारिंगी!

कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही, तरी आम्ल उतरलं. आम्ल काँक्रीट खातं, पण काँक्रीटमधला चुनाही आम्लाला मारतो. हे मीच नव्या पोरींना शिकवते! म्हणून तर दर आठवड्याला आम्ल बदलायचं. नाहीतर काही दिवसांनी ठोकळे जवळजवळ पाण्यातच बसलेले असतात.

काकांना विचारलं, माझ्या टबातलं कधी बदललंत?

“तुमच्या? बाई, तुम्हीच म्हणालात — भावाचं काम आहे, उद्या कुणी बोट दाखवायला नको, या टबाला कुणी हात लावायचा नाही.”

हो. म्हटलं होतं. त्याच आठवड्यात आई पडली. मग दवाखाना. धावत यायचं, वजनं करायची, धावत जायचं. आम्ल एकदाच बदललं असेल. वहीत मात्र दर सोमवारी ‘बदलले’. अक्षर माझंच. कधी लिहिलं, आठवतही नाही.

काकांना सॉरीसुद्धा म्हणाले नाही.

११ मार्च, मंगळवार
साहेबांना सगळं सांगितलं. अहवाल मागे घेतला. मग दादाला फोन. वाटलं, ओरडेल. हळू आवाजात म्हणाला — “शनिवारपासून भिंतीवरून हात फिरवला की बोटांना पांढरं लागतंय, छोटे. त्याच दिवशी पाणी थांबवणार होतो. पण म्हटलं, तू तपासलंयस.”