रेंज गेली नव्हती

शिरूर कासार,
२६ ऑक्टोबर २०२५

ती. विमलअक्का,

धाकट्या अंगदाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. इकडं सगळे मजेत. म्हैस व्याली, रेडी झाली. फोनवर तू मला बोलू देत नाहीस म्हणून कागद घेतला. जन्मभर माजलगावात मास्तरीण होतीस, तेव्हा लाल पेन फिरवशीलच. फिरव.

भाऊबीजेला तू मोबाइलवर तिन्ही नाती एकत्र आणल्यास. जर्मनीतली वैष्णवी, तुझ्याजवळची धनश्री आणि आमची तेजश्री, तिघीही पाचवीतल्या. तू विचारलंस, "अर्ध्या भाकरीचे तीन वाटे केले, तर एक वाटा अख्ख्या भाकरीचा कितवा?" वैष्णवीनं मोडक्या मराठीत पटकन सांगितलं. धनश्री म्हणाली, "हे तर चौथीतच झालं!" आणि तेजश्री म्हणाली, "आज्जी, रेंज गेली."

अक्का, रेंज गेली नव्हती. मी ओसरीवर शेंगा फोडत होतो, कान तिकडंच. फोन तिनंच कापला.

पुस्तक सरकारनं सगळ्यांना एकच दिलंय. पण तुमच्या धरणाखाली पाणी, म्हणून वर्ग वर्षभर भरतो, आमचा दिवाळीला ओसरतो. आईबाप ऊस तोडायला, पोरं त्यांच्यामागं. मागच्या साली गुरुजी म्हणाले, "गेलेली पोरं येऊ द्या, मग अपूर्णांक घेऊ." पोरं आली तोवर परीक्षा आली.

मी तिला म्हणलं, "जातीस का माजलगावला, अक्काआजीकडं शिकायला?"

"मी बी गेल्यावर वर्गात कोण ऱ्हाईल, आबा? बाकीची तर तुमच्याच ट्रॉलीत बसून जात्यात."

माझ्यासारख्या ऊसतोड टोळीच्या मुकादमाला उलटं बोलणारं या गावात कुणी न्हाई, एवढी एक सोडून.

काल टोळीची बैठक घेतली. म्हणलं, "औंदा ट्रॉलीत कोयते, भांडी, शेळ्या चढतील. शाळेतलं पोरगं एक न्हाई."

टोळीतली बायडाबाई कमरेवर हात ठेवून उठली. "मग पोरांना खाऊ कोण घालंल? तुमी थापणार का भाकरी, मुकादम?"

"थापीन की!"

"बया! मग पोरं येतील आपल्या पायानं कारखान्यावर!"

लई हसले लोक. शेवटी म्हाताऱ्या बायनाबाईनं सोडवलं. मागं राहणाऱ्या म्हाताऱ्या माझ्या ट्रॅक्टरच्या शेडात एकच चूल मांडणार, पोरं तिथंच जेवणार आणि झोपणार.

पोरं राहतील, पण मागचं राहिलेलं कोण शिकवणार? गुरुजी एकटे, पाच वर्ग एका खोलीत.

आता जे लिहायला एवढा कागद लागला, ते. "ज्याच्या ट्रॉलीनं शाळा ओस पडते, त्याच्या दारात मी चहासुद्धा घेणार नाही," असं म्हणून तू गेलीस, ती आलीच न्हाईस. पुढच्या रविवारी टोळी निघेल. ट्रॉल्या मोजायला ये. एक जरी दप्तर चढलेलं दिसलं, तर आल्या पावली परत जा. न्हाई दिसलं, तर उन्हाळ्यापर्यंत पोरांना शिकवायला राहा.

आणि यायचं नसलंच, तर ते मला कळवू नकोस. तेजश्रीला फोन करून सांग. ती सकाळपासून तुझ्यासाठी शेडातला फळा पुसतीय.

तुझी वाट बघणारा,
अंगद