‘झाली’ आणि ‘घेतली’

९ ऑगस्ट २०१०
स्वाइन फ्लूची लस आली. दवाखान्याच्या स्टाफसाठी. बाटली माझ्या ताब्यातल्या फ्रीजमध्ये, तापमान बरोबर. (हा फ्रीज मी स्वतः खोलून शिकलो. कोर्सबिर्स नाही.) एका बाटलीत दहा डोस, सिस्टरचा नियम, दहा जमल्याशिवाय फोडायची नाही. उरलेली वाया जाते.
जमले तीन. त्यात आमची पोरगी सुषमा, इथंच नर्स. पुढल्या सोमवारपासून तिची ड्यूटी फ्लूच्या खोलीत.
मी नाही. परदेशी माल, घाईत बनवलेला, वर फुकट. फुकट काऊन?

११ ऑगस्ट
डॉक्टरसाहेबांना विचारलं, "तुमची झाली?"
"माझी झाली."
झाली म्हणाले. घेतली म्हणाले नाहीत. त्या वेळी ड्यूटीही झालीच होती, तीच म्हणाले असतील. आणि आमची बाटली तर सीलबंद! मग म्हणे, "गोंदियात घेतली." हे मागून जोडलेलं.
झाडूवाला रामलाल म्हणतो, "नवरदेव घोड्यावर बसन, तवा वरात निंगन ना भाऊ!" म्हणजे आधी साहेबांनी टोचून घ्यावी, मग आम्ही.

१२ ऑगस्ट
साहेबांच्या डाव्या हातात मुद्दाम बर्फाची भरलेली पेटी दिली. हूं नाही की चूं नाही. टोचलेला दंड दुखतोच. शंका पक्की.
सुषमाला सांगितलं. भडकली. "बाबा, तुमी साहेबाचा हात पाहून राहिले. मी कोठं जाऊन राहिली, ते पाहा ना."


१४ ऑगस्ट
नऊ जमले. सिस्टर म्हणाली, "एक कमी. आता पुढच्या आठवड्यात."
 सुषमा मास्कची नाडी ओढत राहिली.
मीच म्हणालो, "दहावा मी. फोडा."
फोडली. पहिली सुषमाला. डोळ्यांनी पाहिली, सुई पूर्ण आत.
माझी पाळी आली तेव्हा मी फ्रीजचं झाकण तपासत होतो. सिस्टरला म्हणालो, "येतो." तिथून क्वार्टरवर.
मागोमाग सुषमा. "बाबा, तुमची झाली?"
"माझी झाली."
तोंडातून हेच निघालं.
बाटलीत एक डोस शिल्लक. सिस्टर पाचपर्यंत बसते.
सुषमानं पाण्याची भरलेली बादली पुढे सरकवली. "उचला. डाव्या हातानं."
किती दुखायला पाहिजे, मला ठाऊक नाही.