सात बदकं आणि मागच्या गेटचा हक्क

खारी, भाईंदर (पूर्व)
रविवार, दुपार

आदरणीय बबनमामांना वाल्मिकचा मनापासून जयभीम. मामींनाही सांगावा.

आम्ही इकडे ठीक आहोत (म्हणजे शरीराने, डोक्याचं पुढे लिहितोय). तुमचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावताय, की बाटली कपाटावर ठेवून तिच्याकडे बघूनच बरं वाटतंय? मामींची शुगर किती आली तेही कळवा. फोन सोडून पत्र का लिहितोय, असं तुम्हाला वाटेल. कारण फोनवर तुम्ही मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू देत नाही. परवा मी नुसतं "वाट" म्हणालो, तर तुम्ही मामलेदार कोर्ट कायदा, सन एकोणीसशे सहा, इथपासून सुरू झालात आणि कलम पाचला पोचेपर्यंत माझा जेवणाचा डबा गार झाला. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वाट म्हटलं की बांधावरचीच दिसणार, हे कबूल. पण मामा, ही वाट शेतातली नाही. म्हणजे होती. आता तिथे पार्किंग आहे. माझ्या गोंधळाला सुरुवात इथूनच होते.

तुम्हाला सांगायचं राहिलं, मी सोसायटीचा सेक्रेटरी झालोय. त्यात माझा काही गुन्हा नाही. वार्षिक सभेत "सेक्रेटरी कोण होणार?" असं विचारलं आणि नेमका त्याच वेळी डोक्यावरचा पंखा कमी करा असं खुणावायला मी हात वर केला. टाळ्या पडल्या. मी वळून बघितलं की कुणासाठी वाजतायत, तर सगळे माझ्याकडेच बघत होते. आमचे चेअरमन दिपेशभाई (तिसरा मजला, स्टीलच्या भांड्यांचा कारखाना, माणूस मनाने चांगला पण आवाजाने मोठा) यांनी तिथल्या तिथे कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. औषध कंपनीत एकवीस वर्षं स्टोअर सांभाळतोय, त्यामुळे किल्ली दिली की घ्यायची, ही सवय लागलेली.

आता प्रकरण. आमची इमारत खारी गावाला चिकटून आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी इथे भातशेती होती. गाव एका बाजूला, तळं दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आम्ही. गावातल्या कांताबाई (वय पंच्याहत्तरच्या पुढे, उंची माझ्या खांद्याला, धाक मात्र सगळ्या गल्लीला) रोज सकाळी आठला सात बदकं घेऊन आमच्या पुढच्या गेटमधून आत येतात, पार्किंगमधून मागच्या गेटाने तळ्यावर जातात आणि संध्याकाळी तशाच परत येतात. बदकं रांगेत चालतात. आमचे सभासद गाड्या लावताना एवढी शिस्त पाळत नाहीत. इतकी वर्षं कुणी काही बोललं नव्हतं. पण गेल्या महिन्यात दिपेशभाईंनी नवी गाडी घेतली. त्यांना घोडबंदरला मुलीच्या होणाऱ्या सासरी जेवायला जायचं होतं. सगळं कुटुंब नटून गाडीत बसलं, आणि बघतात तर पुढच्या चाकाला टेकून एक बदक बसलेलं. हाकललं तर उठलं, पण खाली अंडं. दिपेशभाई पक्के जैन. अंड्यावरून गाडी न्यायची नाही आणि अंड्याला हात लावायचा नाही. वॉचमन म्हणाला, सोसायटीच्या जागेत सापडलेली वस्तू सेक्रेटरीकडे जमा करतात. म्हणून मला बोलावलं. मी खाली गेलो आणि विचार करत उभा राहिलो की ही वस्तू जमा करून घेतली तर पावती कशाची द्यायची. शेवटी कांताबाईंना तळ्यावरून बोलावलं, त्यांनी अंडं पदरात टाकलं आणि निघून गेल्या. तोवर चाळीस मिनिटं गेली होती. व्याही जेवून मोकळे झाले होते.

रविवारी तातडीची सभा. विषय एकच, मागचं गेट वेल्डिंग करून कायमचं बंद करणे. दिपेशभाई म्हणाले, "सेक्रेटरीसाब, प्रायव्हेट प्रॉपर्टी है ना? फिर?" मी मान हलवणार, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या मृणालिनीबाई उभ्या राहिल्या. या दादरहून इकडे राहायला आल्या. चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय, आणि निवृत्त झाल्या तरी तास अजून चालूच आहे. त्या म्हणाल्या, आधी कायदा म्हणजे काय ते समजून घेऊ. मग आदिमानवाच्या टोळीपासून निघाल्या. आधी फक्त रूढी होती, सगळे तसं करतात म्हणून आपण करायचं. मग राजा आला, त्याचा शब्द म्हणजे कायदा. मग तो लोक विसरायला लागले म्हणून दगडावर कोरला. मग धर्मपंडितांनी त्याचे अर्थ लावले, मग वसईला पोर्तुगीज आले, मग इंग्रज आले आणि त्यांनी सगळ्याचं कलमांत पुस्तक केलं, मग आपलं संविधान. संविधानाशी पोचेपर्यंत चहा संपला होता आणि अर्धी सभाही. मग हक्कांचे प्रकार. माणूस म्हणून जन्माला आलो म्हणून मिळतो तो नैसर्गिक, समाजाला पटतो तो नैतिक, कायद्याने दिलेला तो कायदेशीर, आणि सरकारलाही हिरावता येत नाही तो मूलभूत. दिपेशभाईंनी सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "बेन, इसमें पार्किंगवाला कौनसा है?" बाईंनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, तो पोटनियमातला. दिपेशभाई खूश झाले. त्यांना वाटलं, सगळ्यात शेवटी आला म्हणजे सगळ्यात मोठा. ठराव पास झाला. पुढच्या सोमवारी वेल्डिंग.

मामा, संविधानाची उद्देशिका मला तोंडपाठ आहे, तुम्हीच लहानपणी भिंतीकडे तोंड करून पाठ करायला लावली होती. त्या रात्री मी ती दोनदा म्हटली. न्याय सापडला, बंधुता सापडली, मागच्या गेटचं काय करायचं ते सापडलं नाही.

ठराव कांताबाईंना कळवणं माझ्याकडे आलं. मी सकाळी गेटवर गेलो आणि शक्य तेवढ्या नरमाईने सांगितलं. त्या थांबल्या, म्हणून बदकंही थांबली. म्हणाल्या, "ह्यी वाट माज्या सासूची हाय. तुजी बिल्डिंग तवा न्हाय व्हती. बिल्डरला जमीन दिली तवा माज्या सासऱ्यानं वाट ठेवून घेतली. तू कोन रं बंद करनारा?" मी कोण, हे मलाही नीट सांगता येईना, म्हणून मी बाजूला झालो.

घरी आलो तर साक्षी अभ्यास करत होती (तुमची नात कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात तिच्याशिवाय कुणालाच कायद्याचं काही कळत नाही असं तिचं मत आहे). ती म्हणाली, पप्पा, याला वहिवाटीचा हक्क म्हणतात, वीस वर्षं उघडपणे, हक्काने, कुणी न अडवता वाट वापरली तर तिथून जायचा हक्क वापरणाऱ्याला मिळतो. मला हायसं वाटलं. पण ठरावाचं काय? शेवटी मला एक मधला मार्ग सुचला, आणि मामा, मला तो इतका आवडला की मी तिला न विचारताच कागद तयार केला. त्यात लिहिलं, की सोसायटी माणुसकीच्या भावनेतून श्रीमती कांताबाई यांना पुढील आदेश होईपर्यंत मागच्या गेटने जाण्या-येण्याची परवानगी देत आहे, आणि ती त्यांना मान्य आहे. खाली त्यांची सही. म्हणजे गेटही राहील आणि दिपेशभाईंचा मानही राहील. दिपेशभाईंना दाखवला तर ते इतके खूश झाले की त्यांनी मला स्टीलचा डबा दिला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

संध्याकाळी कांताबाईंच्या घरी गेलो. त्यांनी ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. मी कागद आणि पेन पुढे केलं. म्हणाल्या, "वाच बगू." मी म्हटलं, काही नाही आजी, साधं आहे, फक्त सही करायची. म्हणाल्या, "साधा हाय तर वाचायला काय व्हतंय?" मी वाचलं. "परवानगी" या शब्दाशी त्यांनी मला थांबवलं.

"परवानगी? मी कवा मागली?"

"मागितली नाही आजी, आम्हीच देतोय."

"माजी वाट मलाच देताव? आनि सही कशाला?"

"फक्त नावापुरती."

"नावापुरती हाय तर तूच कर."

मी कागद खिशात घातला आणि घरी आलो. साक्षीला दाखवला. तिने तो वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचला. म्हणाली, पप्पा, हक्काने चालणारा माणूस आणि परवानगीने चालणारा माणूस यात सगळा फरक आहे. या कागदावर त्यांनी सही केली असती तर उद्या दिपेशकाकांनी परवानगी काढून घेतली की संपलं. तुम्ही त्या म्हातारीचा हक्क तिच्याच सहीने काढून घेत होतात. मी म्हटलं, अगं, माझा हेतू चांगला होता. ती म्हणाली, हेतूचं कलम यात नाही. मी त्या दिवशी जेवलो नाही. (भाजी दोडक्याची होती, पण कारण ते नव्हतं.)

सासऱ्याने वाट ठेवून घेतली हे कांताबाईंचं बोलणं मात्र डोक्यात घोळत होतं. सेक्रेटरीचं कपाट उघडलं. वर बाथरूम गळतीच्या तक्रारी, त्याखाली गणपतीच्या वर्गणीची पुस्तकं, त्याखाली जुनी ताडपत्री आणि तळाशी बिल्डरने दिलेला मंजूर नकाशा. उलगडताना दोन ठिकाणी फाटला. त्यावर पुढच्या गेटपासून मागच्या गेटपर्यंत एक तुटक रेघ होती आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "विद्यमान पायवाट". आमचे सतरा जण गेली वीस वर्षं त्या रेघेवर गाड्या लावतायत.

सोमवारी वेल्डिंगवाला आला. कांताबाईही आल्या, बादली उपडी घालून गेटच्या बरोबर मध्ये बसल्या आणि बदकं त्यांच्याभोवती बसली. वेल्डिंगवाल्याने शांतपणे विचारलं, सेक्रेटरी कोण, मला लेखी ऑर्डरवर सही पाहिजे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी सही करणार नाही. दिपेशभाईंचा आवाज पाचव्या मजल्यापर्यंत गेला. मी त्यांच्या पुढ्यात नकाशा धरला आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. मराठी त्यांना वाचता येत नाही असं मला वाटत होतं, पण त्यांनी चष्मा लावून हळूहळू वाचलं. मग म्हणाले, "लिखा है तो लिखा है। लिखे हुए के सामने मैं नहीं जाता।" आणि स्वतः गाडी काढून भिंतीकडे लावली. जाताना कांताबाईंना एवढंच म्हणाले, "मांजी, वो अंडे का कुछ करो।" त्या म्हणाल्या, "आंडा दिसला का हाक मारायची." एवढ्यावर मिटलं. मृणालिनीबाईंनी यावर नैतिक आणि कायदेशीर हक्कांचा संगम झाला असं काहीतरी सांगायला घेतलं होतं, पण तोवर बदकं निघाली होती.

आता सगळे मला शाबासकी देतायत आणि मला मात्र आठ दिवस झोप नाही. तुमचा गुडघा सांभाळा. मामींना त्रिवार जयभीम.

तुमचा भाचा,
वाल्मिक

ता. क. : मामा, खरं काम हे आहे. अकरा वर्षांपूर्वी बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दुसऱ्या दिवशी आपण संघप्रियाताईला तालुक्याला नेलं होतं. गावच्या पावणेतीन एकरातल्या तिच्या हिश्श्याचं हक्कसोडपत्र तुम्ही लिहिलंत, मी तिला म्हटलं, ताई, काही नाही, फक्त सही करायची. साक्षीदार म्हणून सही तुमचीच आहे. तो कागद उलटा कसा फिरवायचा, बक्षीसपत्र करायचं की आणखी काही, आणि सातबारावर तिचं नाव कधी लागेल, ते उलट टपाली कळवा. ताईला मात्र अजून काही बोलू नका. मी धीर गोळा करतोय.

ता. क. २ : पाकीट चिकटवायचं राहिलं होतं. साक्षीने पत्र वाचलं आणि फोटो काढून सरळ आत्याला पाठवला. दहा मिनिटांत ताईचा फोन आला. म्हणाली, "वाल्या, मी ती सही वाचूनच केली होती." मी विचारलं, मग तेव्हा बोलली का नाहीस? म्हणाली, "तू एकदा तरी विचारशील म्हणून थांबले होते." मग ती पुढचं सांगत गेली आणि मी लिहून घेत गेलो. शनिवारी ती तुमच्याकडे येतेय, आम्हीही निघतोय. कागद तयार ठेवा. साक्षीदार म्हणून पुन्हा तुम्हीच आणि तुमच्या शेजारी आमची साक्षी, असं ताईने ठरवलंय. (मला विचारलं नाही, कळवलं. तसा तिला हक्क आहे का, हे मी कुणालाच विचारलेलं नाही.)